यारीची तार

मरियम भाकरीचं फडकं घेऊन विहिरीवर पोचली, तेव्हा प्रभुदास खाली निघाला होता. बकेटच्या काठावर एक पाय, दुसरा मोकळा, दोन्ही हात तारेला आणि गालात पान. बायको दिसली तशी त्यानं मान हलवली. मग तो कमरेपर्यंत गेला, छातीपर्यंत गेला आणि टोपीसकट दिसेनासा झाला. लग्नाला इतकी वर्षं झाली, लेक नांदायला गेली, पण नवरा असा जमिनीत उतरताना बघायची मरियमला सवय झाली नव्हती. सवय व्हावी अशी ती गोष्टही नव्हती.

शहाण्णव सालचा चैत्र होता. धोंडेवाडीचा माळ नुसता मुरमाचा. वारा सुटला की डोळ्यांत आणि भाकरीत सारखीच माती जायची. पारनेरच्या रस्त्यापासून डोंगरापर्यंत ज्याला त्याला विहीर हवी होती आणि पाणी कुणालाच वर सापडत नव्हतं. त्यामुळे मच्छिंद्रच्या यारीला उसंत नव्हती. यारी म्हणजे विहीर खोदायची मशीन. विहिरीच्या तोंडाशी लोखंडी खांब, त्याला आडवा हात, मागं डिझेलचं इंजिन, ड्रमवर गुंडाळलेली पोलादी तार आणि तारेच्या टोकाला लोखंडी बकेट. त्याच बकेटातून दगड वर यायचे आणि त्याच बकेटातून माणसं खाली जायची.

प्रभुदास तळाला पोचला, तार ढिली पडली. मरियमनं सहज हात पुढं करून ती धरली आणि लगेच सोडली. तळहातातून रक्त आलं. तारेच्या पिळातले बारीक धागे जागोजाग तुटून बाहेर आले होते.

"शेट, ही तार उसवलीया," ती म्हणाली.

मच्छिंद्र, म्हणजे यारीचा मालक, इंजिनाशेजारी बसला होता. ब्रेकवर पाय आणि डोळ्यांवर काळा चष्मा. "वहिनी, पोलाद हाय ते. लुगडं न्हाई उसवायला."

"मंग ह्ये रगत कशानं निघालं?"

"हात लावला म्हनून निघालं. कोन म्हनलं हुतं लावा म्हनून?"

वरचे गडी हसले. कारभारी मात्र हसला नाही. कारभारी हा प्रभुदासचा जोडीदार. दोघं आळीपाळीनं खाली जायचे, तेव्हा उद्या त्याच तारेला त्याचाही जीव लटकणार होता.

"नवी तार आना. खाली मानसं हायेत," मरियम म्हणाली.

"आनू की. एवढी हीर झाली की आनू." मच्छिंद्रनं चष्मा पुसला. "आन् लईच भ्या वाटत आसंल तर तुमी आपली यारी घ्या, वहिनी. मालकीन व्हा. मी येतो तुमच्याकडं रोजानं."

आता मात्र सगळेच पोट धरून हसले. मरियमनं हात पदरात गुंडाळला आणि घरी आली. चेष्टेत बोललेली गोष्ट खरी धरून बसायची, हा तिचा माहेरापासूनचा स्वभाव होता.

बाजारच्या दिवशी ती गावातल्या पतसंस्थेत गेली. तिथं गोरक्षनाथ सचिव होता. माणूस तसा सरळ, पण बोलताना एकेक शब्द असा जपून टाकायचा, जणू त्यावर व्याज चढतंय. त्यानं तिचं म्हणणं ऐकून घेतलं.

"यारीला कर्ज पाह्यजे?"

"व्हय. आमचं कुनाकडं काय बी न्हाई, गोरखभाऊ. किराना उधार न्हाई, दळन उधार न्हाई. लेकीचं लगीन केलं ते बी गाठीच्या पैशानं. साऱ्या गावात इचारा."

"गावाला म्हाईत हाय. संस्थेला न्हाई."

"संस्था काय गावाच्या भायेर हाय?"

"आसं बघा, मरियमबाई. तुमी कवा घेतलंच न्हाई. मंग घेतल्यावर आनून देता का न्हाई, ते कुनी बघितलं? ज्यानं घेतलं आन् तारखेला आनून टाकलं, त्याची पत. तुमची पत वाईट न्हाई. तुमची पतच न्हाई."

मरियमला ते फार लागलं. आयुष्यभर ती एकाच गोष्टीवर ताठ मानेनं चालली होती, की आपण कुणाची पै ठेवली नाही. आणि हा बाबा म्हणत होता की त्या पुण्याईची इथं नोंदच नाही.

"म्हंजी कुनाचं बुडवलं न्हाई, ह्योच आमचा गुन्हा."

"गुन्हा कोन म्हनतंय? पन कोऱ्या खात्याला कुनी यारी देत न्हाई. शेळ्या घ्या आधी. थोडं कर्ज, तुमच्या एकटीच्या नावावर. दर म्हयन्याला तारखेच्या आत हप्ता. वरीसभर एक बी चुकवू नका. एक चुकला तर आधीचे समदे पान्यात. आन् मंग या."

"वरीसभर? आन् तवर ती तार?"

तारेचं गोरक्षनाथाला काय ठाऊक? तो पुढच्या माणसाकडे वळला.

मरियमनं शेळ्या घेतल्या. पत कशी होते हे एकदा कळल्यावर तिनं ती भाजीच्या मळ्याला राखण बसावी तशी राखली. शेळीचं दूध विकलं, करडं विकली, खुरपायला गेली आणि दर महिन्याला हप्ता भरला. श्रावणात प्रभुदास तापानं पडला, काम बंद, घरात पैसा नाही, तेव्हा तिनं आईच्या वेळचा तांब्याचा हंडा मोडला, पण तारीख मोडली नाही. प्रभुदास अंथरुणातून म्हणाला, "अगं, चार दिस इकडं तिकडं झाल्यानं काय हुतंय?" ती म्हणाली, "तुमी गप पडा."

तिकडे तारेचं निराळंच चाललं होतं. टोकाकडचा भाग झिजला की मच्छिंद्र तेवढा तुकडा कापायचा आणि उरलेल्या तारेला बकेट पुन्हा आवळायचा. असं करत तार आखूड होत गेली, आणि पाणी खोल गेल्यामुळे विहिरी लांबत गेल्या. बकेट तळाला टेकलं की ड्रमवर जेमतेम दोन वेढे उरायचे. प्रभुदास संध्याकाळी घरी येऊन हे असं सांगायचा, जसं कुणी शेजारच्या बैलाची खोड सांगावी. मरियम ऐकायची. तो अंगणात पाय धुताना दिसेपर्यंत ती ताटावर बसत नसे.

फाल्गुनात वर्ष भरलं. शेवटचा हप्ता भरून मरियमनं पावती गोरक्षनाथापुढं ठेवली. "आलेय मी."

त्यानं पावती उलटसुलट करून बघितली. तिला वाटलं, विसरला. पण तो विसरला नव्हता.

"तुमचं खातं चोख हाय," तो म्हणाला. "पन यारी घ्यायची तर नवऱ्याचं नाव बी लागतंय. आन् प्रभुदासभाऊ थकबाकीत हायेत."

"त्यांनी कवा कर्ज काढलं?"

"काढलं न्हाई. जामीन हायेत. मच्छिंद्रच्या यारीला."

मरियम उभी होती ती बाकावर बसली.

"त्यानं घेतलं, त्यानं भरलं न्हाई, तर ज्यानं सही दिली तो बी थकबाकीदार. कायदा हाय तसा. मागल्या साली तुमी आल्ता तवा त्याचे हप्ते चालू हुते. दिवाळीपासून बंद हायेत."

"पैका न्हाई व्हय त्याच्याकडं? औंदा तर घरावर स्लॅब टाकला."

गोरक्षनाथानं दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं, तरी त्याचा आवाज खाली आला. "मरियमबाई, हिरीत उतरनाऱ्या त्याच्या दोन्ही गड्यांच्या सह्या हायेत त्या कर्जाला. तुमचे मालक आन् कारभारी. तुमी गेल्या साली हितं आल्ता, ते त्याच्या कानावर गेलं. आता इचार करा. थकबाकीत नाव आसंपर्यंत ह्या गड्यांना कोन मशीन दील? आन् मशीन न्हाई तर जातील कुठं?"

ज्या तारेतून नवऱ्याला सोडवायला ती वर्षभर राबली, त्या तारेचं दुसरं टोक कुठं बांधलंय ते तिला आत्ता दिसलं.

"मंग ह्यातनं वाट न्हाई?"

"हाय. पन माझं नाव कुठं घिऊ नका. यारी संस्थेकडं तारन हाय. हप्ते थकले की जप्त करता येती. चेअरमन करत न्हाईत, कारन मच्छिंद्र त्यांच्या बैठकीतला. पन जामीनदारांनीच लेखी मागनी केली, की आमच्या अंगावर यायच्या आत मशीन उचला, तर मार्चअखेरीला त्यांना टाळता येनार न्हाई. मंग मशीन इकायची. जो घेईल, त्यानं थोडं रोख भरायचं, राहिलेलं कर्ज त्याच्या नावावर. जुनं खातं बंद झालं, की जामीनदार मोकळे." तो थांबला. "फकस्त घेनाऱ्याची पत चांगली पाह्यजे."

एवढं बोलून तो उठला आणि माठातलं पाणी पिऊ लागला.

संध्याकाळी प्रभुदास पाय धूत होता. मरियमनं तांब्या तसाच हातात धरून विचारलं, "मच्छिंद्रच्या कर्जाला सही केली व्हय तुमी?"

त्यानं आठवून बघितलं. "सही? यारी आनली त्या दिशी केल्ती की. पूजा हुती मशीनची. नारळ फोडला, पेढं वाटलं, इंजिनाला हार घातला. शेट म्हनला, प्रभुदास, तू ख्रिस्ती, कारभारी बुद्धाचा, तुमी कुकू लावनार न्हाई, तर तुमी कागदावर नाव, अंगठा लावा, म्हंजी मशीन आपल्या समद्यांची झाली. मला लई बरं वाटलं. येवढा मान कोन देतंय?"

"पेढा खाल्ला?"

"खाल्ला की. दोन खाल्ले."

मरियमला रडावं की हसावं कळेना. माणसाला मान द्यायला आजवर कुणी बोलावलं नाही, आणि ज्यानं बोलावलं त्यानं फासाला बोलावलं. प्रभुदासला सगळं समजावून सांगितल्यावर तो भिंतीला टेकून बसला आणि जमिनीवर काडीनं रेघा ओढू लागला.

कारभारी आणि त्याची बायको कलाबाई यांना तिनं बोलावून घेतलं. अर्जाचं नाव काढताच कारभारी मागं सरला. "शेटच्या इरोधात? काम बंद हुईल, मरियमबाई. तीन आठवड्याचा पगार हाय त्याच्याकडं."

"आन् तार तुटली तर?" कलाबाई म्हणाली.

"अजून तुटली न्हाई."

"तुटल्यावर इचारायला तुमी आसनार का?" कलाबाईनं नवऱ्याचा हात धरून पुढं ओढला. "माझा संसार ब्रेकवाल्याच्या पायात न्हाई ठेवायचा मला. द्या हिकडं अंगठा."

अर्ज गेला. दोन दिवसांत गावाला कळलं. गिरणीत मरियम गेली की बायका दळण उचलून बाजूला सरायच्या. किराणावाला, जो एरवी "काय वहिनी" म्हणायचा, तो आता नुसता पुडा बांधून द्यायचा.

रविवारी उपासनेहून ती दोघं घरी आली, तर ओट्यावर मच्छिंद्र बसलेला. पायरीशी त्याची राजदूत मोटरसायकल उभी. त्यानं हात जोडले.

"प्रार्थना झाली, वहिनी? माझ्यासाठी केली का न्हाई?"

"तुमच्यासाठी बी केली," मरियम म्हणाली.

"झाक केलं." त्यानं हातातली किल्ली बोटावर फिरवली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "मी काय भांडायला आलो न्हाई. अर्ज दिला, हक्क हाय तुमचा. मी आपलं एकच सांगतो. प्रभुदास खाली आसतो, तवा ब्रेकवर पाय माझा आसतोय. दिसभर. तर माझं मन थाऱ्यावर पाह्यजे का नको, ते तुमीच सांगा."

मच्छिंद्र उठला, राजदूतला किक मारली आणि जाता जाता म्हणाला, "उद्या येळंवर ये रं. तळ साफ करायचाय. पगार उद्याच देतो, समदा."

मरियमनं प्रभुदासला जाऊ नका म्हणून विनवलं, चिडली, शेवटी दार अडवून उभी राहिली. पण तीन आठवड्यांचा पगार म्हणजे घरातलं धान्य होतं, आणि शेळ्या विकून आलेला पैसा यारीसाठी बांधून ठेवलेला. त्यात हात घालायचा नाही हे तिनंच बजावलं होतं. सोमवारी सकाळी प्रभुदास गेला. मरियम चुलीशी बसली, उठली, पुन्हा बसली. मग भाकरी न बांधताच निघाली. वाटेत कलाबाई भेटली. तीही तशीच निघाली होती. दोघी मिळून माळाकडे चालू लागल्या.

त्या विहिरीवर पोचल्या तेव्हा प्रभुदास तळाला होता आणि बकेट दगडांनी भरत होता. कारभारी काठावर. मच्छिंद्र ब्रेकवर. वारा पडलेला, माळावर एक पाखरू नाही. आणि तेवढ्यात पारनेरच्या बाजूनं धुरळा उठला. संस्थेचा ट्रॅक्टर येत होता. ट्रॉलीत गोरक्षनाथ आणि वसुलीची दोन माणसं.

जप्ती त्याच दिवशी येईल, हे मरियमला माहीत नव्हतं. मच्छिंद्रला बहुतेक माहीत होतं.

गोरक्षनाथानं कागद पुढं केला. मच्छिंद्रनं तो शांतपणे वाचला, घडी करून परत दिला, आणि इंजिन बंद केलं. माळावर एकदम शांतता पसरली. मग त्यानं इंजिन सुरू करायचं हँडल काढून घेतलं आणि राजदूतच्या पिशवीत टाकलं.

"मशीन तुमची झाली ना? मंग खालचा मानूस बी तुमचाच. काढा वर."

"आरं मच्छिंद्र, मानूस आत हाय," गोरक्षनाथ म्हणाला.

"कागदावर मानसाचं काय लिवलेलं न्हाई. हँडलचं बी न्हाई." एवढं बोलून तो निघून गेला. पगाराचं नावही निघालं नाही.

ट्रॅक्टरचा ड्रायव्हर हुशार होता. "त्यात काय हाय? शेजारच्या इंजिनाचं हँडल चालतंय. आत्ता आनतो, आत्ता वर काढतो." सगळ्यांना हायसं वाटलं. ड्रायव्हर निघालाच होता.

"त्या तारेवर माझा मानूस येनार न्हाई," मरियम म्हणाली.

खालून प्रभुदासचा आवाज आला, घुमून, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. "अगं मरियम, रोज येतो की मी!"

"आज न्हाई यायचं."

"मरियमबाई," गोरक्षनाथ वैतागला, "ऊन बघा किती झालंय. लोकं खोळंबलीत. वरीसभर चाललीया तार, आज काय हुतंय?"

मरियम ड्रमपाशी गेली आणि तारेवर हात ठेवून उभी राहिली. तळहात पुन्हा टोचला, पण तिनं काढला नाही. "ही मशीन आता कुनाची हाय, गोरखभाऊ?"

"संस्थेची."

"मंग संस्थेनं मला लिवून द्यावं. तार तुटली तर संस्था जामीन. करा सही. बकेट खालीच हाय, बसवा त्यात त्याला."

वसुलीच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. एकानं खिशातलं पेन आणखी आत सरकवलं. गोरक्षनाथानं तारेकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदाच बघितलं असावं. तुटलेले धागे, आवळलेले जोड, ड्रमवर उरलेले दोन वेढे. मग तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मोटेचा नाडा आना कुनाचातरी, न्हाईतर जाड दोर."

कलाबाई केव्हाच पळाली होती. तिच्या सासऱ्याच्या वेळचा मोटेचा नाडा आणि वस्तीवरचा आणखी एक दोर घेऊन ती आली. बरोबर वस्तीवरची माणसंही आली. गिरणीत बाजूला सरणाऱ्या दोन बायकाही त्यांच्यात होत्या. दोन्ही दोर एकत्र पिळले, फासा करून खाली सोडला. प्रभुदासनं तो काखेतून घेतला. कारभारीनं पाय रोवले आणि सगळ्यांनी मिळून ओढलं. मरियम सगळ्यात पुढं होती. दोर हातातून सरकायचा, पुन्हा धरायचा, माती ढासळायची, कुणीतरी "हळू, हळू" म्हणायचं. शेवटी टोपी दिसली, मग तोंड. प्रभुदास काठावर येऊन पालथा पडला आणि ओशाळून हसला. "उगा तरास दिला समद्यांना," तो म्हणाला.

ड्रायव्हर हँडल घेऊन आलाच होता. "बकेट तरी काढू वर," तो म्हणाला, "मशीन न्यायची तर बकेट आत कसं ठिवायचं?" इंजिन सुरू झालं. दगडांनी भरलेलं बकेट तळ सोडून निघालं. ड्रमवर एक वेढा बसला, दुसरा बसला, पाचवा बसला. प्रभुदास म्हणतच होता, "बगा, येतंय का न्हाई..."

तार तुटल्याचा आवाज मोठा नव्हता. वरचं टोक सणकन हवेत आलं आणि खांबावर आपटलं. खालचा आवाज मात्र उशिरा आला, आणि आल्यावर बराच वेळ विहिरीतून बाहेर पडत राहिला.

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. प्रभुदास बसल्या जागी मागं सरकला, काठापासून दूर, आणखी दूर. गालातलं पान त्यानं थुंकलं. "पानी दे गं," तो म्हणाला. मरियमनं तांब्या त्याच्या तोंडाला लावला आणि तिला रडू कोसळलं. वर्षभराचं सगळं एकदमच आलं.

पुढचं सरळ झालं. यारी विकायला काढली, पण मच्छिंद्रच्या भीतीनं कुणी बोली लावली नाही. मरियमनं शेळ्यांचा पैसा भरला. उरलेलं कर्ज आणि नव्या तारेचा खर्च संस्थेनं तिच्या नावावर लिहिला. जुनं खातं बंद झालं, प्रभुदास आणि कारभारीची नावं थकबाकीतून निघाली. मच्छिंद्र काही रोजानं कामाला आला नाही. तो राहात्याकडे गेला, आणि तिथं दुसऱ्या कुठल्याशा संस्थेतून त्यानं आणखी एक यारी घेतली. इकडचं तिकडं कळायची त्या काळी काही सोय नव्हती. पूजेला पेढे वाटले म्हणे, नगरहून आणून.

नवी तार चढवायच्या दिवशी मरियमच्या यारीपाशीही माणसं जमली. गोरक्षनाथ कागद घेऊन आला. नव्या कर्जाला दोन जामीनदार हवे होते. एक कारभारी, दुसरा वस्तीवरचा एक गडी.

"पेढं कुठायत, मालकीनबाई?" कारभारीनं विचारलं.

"पेढं न्हाईत." मरियमनं फडक्यातून जुन्या तारेचा हातभर तुकडा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "ह्यो धर आधी. मी हप्ता चुकवला, तर तुमी दोगं थकबाकीदार. मी मेले, यारी मोडली, हिरी बंद झाल्या, तरी तुमीच. समजलं का? समजलं आसंल तरच अंगठा द्या."

कारभारीनं तुकडा हातात घेतला, उलटापालटा केला, बाजूला ठेवला आणि शाईत अंगठा बुडवला. "तुमी थोड्याच बुडवनार हाय?" तो हसून म्हणाला. दुसऱ्या गड्यानं तुकड्याला हातही लावला नाही. मरियमला वाटलं, ओरडावं यांच्यावर. पण सह्या तर तिलाच हव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं. प्रभुदास ब्रेकवर होता. खाली उतरायचं त्यानं सोडलं होतं. कारभारी बकेटच्या काठावर पाय ठेवून खाली गेला, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, आणि दिसेनासा झाला. तेवढ्यात कलाबाई भाकरी घेऊन आली. तार ढिली पडल्यावर तिनं हात पुढं केला, तारेवरून सावकाश फिरवला, आणि मग उलटून तळहात बघितला.

बघून झाल्यावर तिनं मान वर केली, तर समोर मरियम उभी. कलाबाई ओशाळली. "न्हाई, सहज आपलं," ती म्हणाली.

मरियमला आपल्या तळहातावरचा जुना वण खाजल्यासारखा वाटला. आतापर्यंत ती ज्या जागेवरून मच्छिंद्रकडे बघायची, त्या जागेवर आज कलाबाई होती.

"रोज बघत जा, कलाबाई," ती म्हणाली. "मी नगं म्हनले, तरी बघ."